चौथ्या वर्षाच्या संशोधनाला माणूस द्या, ग्रंथालय द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी मुलं अजून घरी पुस्तकं मागायला येतात. गेल्या हिवाळ्यात बी. ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. फिल्ड प्रोजेक्टसाठी तिनं गावातल्या नऊ विहिरींचं पाणी मोजलं होतं. वडिलांच्या कासऱ्याला हात-हात अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला दगड बांधायचा आणि दर रविवारी प्रत्येक विहिरीत सोडायचा. ऑक्टोबरपासूनच्या नोंदी दोनशे पानी वहीत होत्या. कुठल्या विहिरीत किती परस पाणी उतरलं, शेजारी नवं बोअर कधी पडलं, सगळं तारीखवार.

ती वही कुणी पाहिलीच नाही. सरांनी 'बाइंडिंग करून आणा' एवढंच सांगितलं. वर्गातल्या बहुतेकांनी झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट आणले, नाव तेवढं बदललं. शेवटी तिनंही अडीचशे रुपये मोजले. मला त्या सरांचा राग येत नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत, दोन महाविद्यालयांत शिकवतात आणि मे महिन्यात त्यांच्या हातात पगार नसतो. ते वह्या कधी वाचणार?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये आलेली ही मुलं जून २०२७ मध्ये पदवीच्या नव्या, चौथ्या वर्षाला पोचतील. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना 'संशोधनासह ऑनर्स'ची वाट खुली आहे आणि पुढे एम. ए. न करता थेट पीएच. डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येईल. तालुक्याच्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे, मी तिचं मनापासून स्वागत करते. पण त्या वर्षाची तयारी मला कुठेच दिसत नाही.

केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून सुमारे १३ हजार संशोधन-नियतकालिकं खुली झाली, पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना. आमच्याकडची बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्थांची आहेत, म्हणजे ती दाराबाहेरच. 'शोधगंगा' या संकेतस्थळावरचे पीएच. डी.चे प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात हे खरं. पण चारशे पानांच्या प्रबंधातून आपल्या उपयोगाचं काय घ्यायचं, हे शेजारी बसून दाखवणारं कुणीतरी लागतंच. ते काम ग्रंथपालाचं, आणि ग्रंथपालाची पदं कित्येक ठिकाणी रिकामी आहेत.

शासनानं रिकाम्या जागा भराव्यात, हे आम्ही वर्षानुवर्षं लिहीत आलो, पुढेही लिहू. विद्यापीठाला मात्र एक गोष्ट लगेच करता येईल. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत वसतिगृहातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या होतात. तिथे संलग्न महाविद्यालयांतल्या मुला-मुलींना पंधरा-पंधरा दिवस राहू द्यावं. दिवसभर बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसू द्यावं, आणि संध्याकाळी विभागातल्या पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या वह्या तपासाव्यात. जेवणाचा खर्च झेपत नसेल त्यांना 'कमवा आणि शिका' योजनेतून काम द्यावं. आमच्या मुलांना कामाची लाज नाही.

विहिरींची ती वही मुलीनं जपून ठेवली आहे. दर रविवारी ती अजूनही कासरा घेऊन जाते. २०२७ पर्यंत तिच्याकडे नऊ विहिरींच्या जवळपास दोन वर्षांच्या नोंदी असतील. त्या वाचणारा मार्गदर्शक तिला मिळेल का, एवढंच विद्यापीठानं आत्ता सांगावं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, सांगली जिल्हा