नेताजींच्या परतीला एवढाच वेळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात अंबाजोगाईत शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे सरसेनापती, नेताजी पालकर यांच्यावरील एका नाटकाचा प्रयोग पाहिला. कलावंतांनी जीव ओतून कामे केली, हे आधी नमूद करतो. परंतु मूळचा धारूरकर असल्याने एक खंत मनातून जात नाही. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाच्या हुकमाने, तेव्हा मुघलांकडे असलेल्या नेताजींना कैद झाली ती ऑक्टोबर १६६६ मध्ये, आमच्या धारूरला. बालाघाटात सीताफळे डोळे उघडतात ते हेच दिवस. नाटकात मात्र ‘दख्खनची छावणी’ एवढ्यावरच भागवले आहे.

त्याहून मोठी उणीव पुढे आहे. साखळदंड, चाबूक आणि बादशहाचा दरबार यांत अख्खा दुसरा अंक खर्ची पडतो. १६६७ मध्ये जिवाच्या भीतीने धर्म बदलावा लागलेला, ‘मुहंमद कुलीखान’ या नावाला ओ देत काबूलच्या मोहिमेवर वर्षे काढणारा, वाटेत पळून जाण्याचा प्रयत्न फसलेला हा माणूस आतून कसा जगला असेल, हे दाखवण्याऐवजी निवेदकाच्या दोन वाक्यांत ती नऊ वर्षे गुंडाळली आहेत. एकेकाळचा हा सरनौबत महाराजांच्या राज्याभिषेकालाही हजर नव्हता, ही गोष्ट तर कोणाच्या तोंडी येतच नाही.

१६७६ च्या जूनमधील प्रायश्चित्ताचा प्रसंग पाच मिनिटांत उरकला. नेताजी झालेल्या नटाने पाटावर बसून ओंजळीत पळीभर पाणी घेतले, बोटे थरथरत होती, ओंजळ ओठांपर्यंत जायची होती, तोच नगारा वाजला आणि पडदा पडला. जबरदस्तीने का होईना, एकदा धर्माबाहेर गेलेल्याला परत दार नाही, असे मानणाऱ्या त्या काळात महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले, ही माझ्या मते या कथेतील सर्वांत धाडसाची घटना आहे. त्या दिवशी नेताजींच्या पंगतीला मोकळ्या मनाने कोण बसले असेल आणि कोणी पान मागे सारले असेल, याचा विचार नाटककाराने नाही करायचा तर कोणी करायचा?

या नाटकाचे मराठवाड्यात आणखी प्रयोग होणार असल्याचे समजते. निर्मात्यांना कळकळीची विनंती आहे की चाबकाचे प्रवेश थोडे आवरून ती ओंजळ ओठांपर्यंत जाऊ द्यावी, आणि कैदेच्या प्रवेशात धारूरचे नाव घ्यावे.

आपला,
एक वाचक, किल्ले धारूर (जि. बीड)