आविष्कारची पोस्टरं नंतर जातात कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

२००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांची आविष्कार संशोधन स्पर्धा चालू आहे, भाषा-कलांपासून शेती, इंजिनिअरिंग, फार्मसीपर्यंत सहा गट, पदवीच्या पोरांपासून पीएचडीवाल्यांपर्यंत सगळे उतरतात, चांगलंच आहे. पण पुढे काय? आमच्या भाचीने गावातल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) घरोघरी जाऊन मोजला, परीक्षकांनी पोस्टरवर नजर टाकली न टाकली, नंबर काही आला नाही, आता ते कपाटामागे गुंडाळून पडलंय, आकडे खरं तर ग्रामपंचायतीच्या कामाचे होते! विद्यापीठांनी सगळेच प्रोजेक्ट, हरलेले सुद्धा, वेबसाइटवर टाकावेत, सोबत अर्धं पान मराठीत. आणि वेगवेगळ्या गटांना एकत्र बसवा हो, शेतीवाल्याला इंजिनिअरिंगचा पोरगा भेटतो तो फक्त जेवणाच्या रांगेत.

– एक वाचक, सातारा