बाल्कनीतल्या खताच्या माठांबद्दलची सूचना आणि पंपरूममागची जागा

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
विजापूर रोड, सोलापूर

विषय : सी विंगच्या ओल्या कचऱ्याचं खत करण्यासाठी पंपरूममागची जागा मिळण्याबाबत

संदर्भ : "बाल्कनीत कचरा साठवणाऱ्या सदस्यांनी तो आठ दिवसांत हटवावा" ही फलकावरची सूचना

स.न.वि.वि.

सूचना वाचली. त्यात नाव कुणाचंच नाही, पण भोकं पाडलेले मातीचे माठ बाल्कनीत एकावर एक रचून ठेवणारी आपल्या तिन्ही विंगांत मी एकटीच आहे. तेव्हा ती कुणासाठी आहे हे लहान मुलालाही कळेल. हे पत्र मी चिडून लिहीत नाही. समितीकडे तक्रारी आल्या आणि समितीने दखल घेतली, ते रास्तच झालं. प्रश्न एवढाच की हटवलेला कचरा जातो कुठे? खालच्या डब्यात, तिथून घंटागाडीत आणि शेवटी तुळजापूर रोडच्या डेपोवर. म्हणून माझं म्हणणं असं : माठ मी हटवते, पण पंपरूममागची पडीक जागा सी विंगच्या ओल्या कचऱ्यासाठी येत्या गणपतीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत वापरून बघायला द्या.

आधी तक्रारींचं बोलू. पहिली अळ्यांची. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत चार-पाच अळ्या सापडल्या, हे खरं आहे. त्या डासांच्या नव्हेत आणि घरमाशीच्याही नव्हेत. त्या काळ्या सैनिक माशीच्या. पावसाळ्यात ही माशी कुजणाऱ्या सालींच्या आसपास अंडी घालते आणि तिच्या अळ्या ओला कचरा इतक्या झपाट्याने फस्त करतात की परदेशात आणि आता आपल्याकडेही लोक त्या मुद्दाम पाळतात, कोंबड्यांना आणि माशांना खाद्य म्हणून. माशी स्वतः चावत नाही, ताटाभोवती घोंघावत नाही. कोशात जायची वेळ आली की अळी ओलं सोडून कोरडी, अंधारी जागा शोधत निघते. त्या शोधात ती काकूंच्या खिडकीत पोचली. काकूंना किळस वाटली याबद्दल माझा काही वाद नाही, मलाही त्या हातात घ्याव्याशा वाटत नाहीत. भोकांवर मच्छरदाणीचं कापड बांधल्यापासून एकही बाहेर आलेली नाही.

दुसरी तक्रार वासाची. इथे मात्र मला वाटतं, वास माझ्या माठांचा नसून आठवणीचा आहे. खत म्हटलं की आपल्या सोसायटीत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जिन्याखालचा तो निळा ड्रम येतो. मागच्या समितीने हौसेने आणला होता. झाकण घट्ट, बुडाला भोक नाही, बाजूला भोक नाही. त्यात तिन्ही विंगांनी भाजीची देठं, भात, आमटी, दुधाच्या पिशव्या, एकदा तर अख्खं कलिंगड टाकलं. पंधरा दिवसांत खाली काळं पाणी आणि वर पांढऱ्या अळ्या. पुढे तो ड्रम उचलायला माणूस मिळेना. त्यावरून "सोसायटीत खत होत नसतं" असा निष्कर्ष निघाला आणि तो अजून टिकून आहे.

तो ड्रम का सडला हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. कचरा कुजवणारे जिवाणू दोन जातींचे. एकांना हवा लागते, दुसऱ्यांना हवा नकोच असते. हवा लागणारे काम करतात तेव्हा ढीग गरम होतो, वाफ येते आणि वास ओल्या मातीचा येतो. हवा संपली की दुसरे कारभार हातात घेतात, आणि गटाराचा, सडक्या अंड्याचा वास ही त्यांची करणी. भाजीच्या साली नुसत्या टाकल्या की त्यांचंच पाणी सुटून फटी बुजतात आणि हवा अडते. म्हणून ओल्याबरोबर कोरडं हवंच. त्याने पाणी शोषलं जातं आणि ढिगात पोकळी राहते. शिवाय जिवाणूंचा आहारही जुळतो : त्यांना नायट्रोजनच्या 25 ते 30 पट कार्बन लागतो. भाजीच्या सालींत कार्बन एवढा नसतो, वाळक्या पाल्यात, भुश्यात, कागदात तो भरपूर असतो. हिशेब लक्षात ठेवायची गरज नाही. एक डबा ओलं पडलं की वर एक डबा कोरडं, झाकून. ओल किती असावी हे मुठीने कळतं : ढिगातलं मूठभर घेऊन दाबलं की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर कोरडं घाला. हाताला काहीच लागलं नाही तर पाणी शिंपडा.

तेव्हा खरा प्रश्न ओल्याचा नाहीच, तो रोज बारा घरांतून आपोआप येतो. प्रश्न कोरडं कुठून आणायचं हा. पुण्या-मुंबईची मंडळी यासाठी कोकोपीटच्या विटा विकत आणतात. सोलापुरात बसून नारळाच्या काथ्याचे पैसे मोजायचे हे मला पटत नाही. ज्वारीचं आगर आहे आपलं. कडबा कुट्टीचं, म्हणजे ज्वारीच्या वाळक्या ताटांच्या बारीक तुकड्यांचं, एक पोतं बाल्कनीतल्या माठांना कितीतरी दिवस पुरतं, आणि खतासाठी तिच्याइतकं सोयीचं कोरडं मी दुसरं पाहिलं नाही : आधीच बारीक, हलकी, पाणी पिणारी. दुसरं म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. आपल्याकडे शेंगाचटणीशिवाय घर नाही, आणि चटणी करणाऱ्यांकडे टरफलांचे ढीग असतात. ती कुजायला वेळ घेतात, पण तोवर ढिगात हवा खेळती ठेवतात, म्हणून कुट्टीत थोडी मिसळायची. तिसरा आपल्याच आवारातला कडुनिंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पाला गाळतो आणि वॉचमनमामा सकाळी सकाळी तो पेटवतात, त्याचा धूर सगळ्या विंगांत जातो आणि त्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही! यंदा मी त्यांच्याकडून तो पोत्यांत भरून घेतला.

रसवंतीची चिपाडंही चालतात, मात्र वाळवून आणि तोडून. ओली टाकली तर गोडीने मुंग्या येतात. ए विंगमधल्या एका सदस्यांनी टॉवेलच्या कारखान्यातला सुताचा कचरा फुकट आणून द्यायची तयारी दाखवली होती. त्यांचे आभार, पण तो नको. त्यात रंग असतो, बऱ्याचदा पॉलिस्टरचा धागा असतो, आणि तो कुजत नाही. प्लायवूडचा भुसाही त्यातल्या डिंकामुळे नको.

सचिवांनी मागे गांडूळखताचं सुचवलं होतं. चांगली कल्पना आहे, फक्त आपल्या गावच्या उन्हाळ्यात ती टिकणार नाही. खताची गांडुळं साधारण 15 ते 25 अंशांत खूश असतात आणि 35 च्या वर मरायला लागतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या पुढे असतो. गच्चीवर तर विचारूच नका. जिवाणूंचं उलटं आहे. ढीग नीट पेटला की तो स्वतःच 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो, आणि त्या उष्णतेत टोमॅटो-पपईच्या बिया आणि रोगजंतू मरतात. उन्हाळ्यात आपली अडचण एकच, ढीग लवकर सुकतो आणि सुकला की काम थांबतं. त्यासाठी सावली हवी, आणि म्हणूनच मी गच्ची न मागता पंपरूममागची जागा मागते आहे. तिथे कडुनिंब आहे आणि दुपारचं ऊन भिंतीआड जातं. पाण्याची काळजी नको. उजनीचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात कचऱ्यासाठी नळ सोडा असं मी म्हणणार नाही. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. तीन बाय तीन फुटांचे, तीन फूट उंचीचे विटांचे तीन हौद. दर दोन विटांमध्ये फट ठेवायची, म्हणजे चारी बाजूंनी हवा जाईल. ही माझी कल्पना नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी शेतकऱ्यांसाठी असाच जाळीदार हौद बसवून दिला. तो दहा बाय सहा फुटांचा असतो, आपण त्याचं धाकटं रूप करू. समितीतल्या ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांनी नाडेपचा हौद पाहिलेला असेल. विटा सिमेंट न लावता नुसत्या सांधे चुकवून रचायच्या, म्हणजे बांधकामाचा मुद्दा येत नाही, आणि नको झालं तर सकाळी सुरू करून दुपारपर्यंत जागा मोकळी.

माझ्या घरचा ओला कचरा मी वजन करून पाहिला, रोजचा साधारण पाऊण किलो भरतो. बारा सदनिका धरल्या तर नऊ किलो. सध्या श्रावणात उपासाच्या केळी-रताळ्यांमुळे जास्तच. एवढा कचरा, त्यावर तेवढंच कोरडं, आणि तो रोज खाली बसत जातो, या हिशेबाने एक हौद भरायला महिना-सव्वा महिना लागेल. पहिला भरला की झाकून ठेवायचा, दुसरा सुरू करायचा. मध्ये आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. दुसरा भरेपर्यंत पहिला जवळजवळ तयार असतो. सुरुवातीला विरजण म्हणून शेणकाला किंवा आंबट ताक टाकलं की पुरे. बाजारातली पावडर घ्यायला कुणी सुचवलं तर कृपया नको म्हणा.

उंदरांचा मुद्दा खजिनदारांनी काढला होता आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उंदीर नुसत्या सालींपेक्षा शिजवलेल्या अन्नावर जास्त येतात. म्हणून भात, पोळी, मटणाची हाडं, मासळी, तेलकट काहीही हौदात नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो, तो प्रश्न घरातच मिटतो. शिवाय हौदाला आतून आणि तळाला अर्धा इंची वेल्डेड जाळी लावायची. कोंबड्यांच्या जाळीतून उंदराची पिल्लं सहज आत जातात, त्यामुळे ती चालणार नाही.

सफाईच्या मावशींचा विषय वेगळा काढते, कारण असल्या योजना बहुधा त्यांच्याच गळ्यात पडतात. दुसऱ्यांच्या कचऱ्यातून प्लॅस्टिक वेचायला मी त्यांना लावणार नाही. ज्या घराच्या बादलीत दुधाची पिशवी सापडेल त्या घराची बादली तशीच दाराशी परत जाईल, हे काम मी करीन आणि वाईटपणाही मीच घेईन. मावशींनी आठवड्याला ढीग उलटायचं काम घेतलं तर त्याचे वेगळे पैसे आणि हातमोजे द्यायचे. ते सी विंगच्या मेंटेनन्समधून घ्यायला आमच्या विंगच्या सात सदनिकांनी सह्या दिल्या आहेत, यादी सोबत जोडली आहे. उरलेल्या पाचांपैकी तिघांचं म्हणणं "आधी करून दाखवा" असं आहे, जे मला मान्य आहे.

कायद्याचा धाक घालायचा माझा विचार नाही. तरी नोंद असावी म्हणून सांगते : 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायची जबाबदारी घराघरावर टाकली, आणि पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. आपला प्लॉट तेवढा मोठा नाही, त्यामुळे ती सक्ती आपल्याला लागू झाली नाही. पण जे मोठ्यांना करायला सांगितलं, तेच छोट्या प्रमाणात करणाऱ्या सदस्याला सूचना लागावी, हे जरा विचित्र दिसतं एवढंच. डेपोवर जाऊन हाच कचरा ढिगाखाली हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे 28 पट भारी. उन्हाळ्यात कचऱ्याचे डोंगर धुमसत राहतात तेही बरेचसे याच गॅसमुळे.

गणपती तोंडावर आहेत. मंडपातल्या हार-फुलांचं निर्माल्य दरवर्षी पोत्यांत भरून आपण कुणाच्या तरी टेम्पोत देतो. दोरा, जरी आणि थर्माकोल काढून दिलं तर झेंडू, शेवंती, दूर्वा सगळं हौदात जाईल. निर्माल्याला पाय लागू नये अशी ज्येष्ठ मंडळींची भावना असते, त्यासाठी तिसरा हौद फक्त निर्माल्याचा ठेवू आणि ते खत तुळशी-जास्वंदीलाच घालू.

खर्च विटा, जाळी आणि कुट्टीचा. विटा गच्चीवर दुरुस्तीनंतर उरलेल्या पडून आहेत, त्या वापरायची परवानगी द्यावी. जाळी मी आणते. आवारातल्या बागेसाठी आपण दरवर्षी शेणखताची ट्रॉली मागवतो, ती या वर्षी जानेवारीपर्यंत मागवू नये, एवढं माझं ऐका.

30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होईलच. तिथे हा विषय घ्यावा, पण गणपतीपूर्वी तात्पुरती परवानगी समितीच्या पातळीवर मिळाली तर निर्माल्य वाया जाणार नाही. मधल्या काळात वास किंवा उंदीर यांची रीतसर तक्रार आली आणि आठ दिवसांत मला ती दूर करता आली नाही, तर हौद माझ्या खर्चाने उचलीन, हे लेखी देते. रविवारी सकाळी आपण आणि काकू वर चहाला या, माठातलं खत हातात घेऊन बघा आणि मग ठरवा.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
सदनिकाधारक, सी-302

ता.क. : जिन्याखाली ठेवलेल्या पाच पोत्यांत कडुनिंबाचा पाचोळा आहे. वॉचमनमामांना तो पेटवू नका असं मी सांगितलं आहे, समितीकडूनही एकदा सांगावं. ते माझ्यापेक्षा आपलं जास्त ऐकतात.