लशींचा हिशेब दारावर लिहा

महोदय,

एप्रिल २०२१ मधली ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. आईचा कोरोना लशीचा दुसरा डोस होता, म्हणून पहाटे साडेपाचला लसीकरण केंद्रावर रांग धरली. नऊ वाजता परिचारिकेने दाराला कागद चिकटवला : ‘लस शिल्लक नाही.’ ती बिचारी तरी काय करणार? आई गुडघे धरून पायरीवरच बसली.

त्याच महिन्यात राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे सांगत होते, साठा जेमतेम तीन दिवसांचा आहे. केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणत होते, राज्य स्वतःचे अपयश झाकते आहे. आकडे दोघांकडेही होते, फक्त रांगेतल्या माणसांकडे नव्हते. पुढे १ मेपासून १८ ते ४४ वयोगटासाठी राज्यांनी लस स्वतः विकत घ्यावी, असे ठरले. कोविशील्ड या लशीचा तोच डोस केंद्राला १५० रुपयांना आणि राज्यांना ३०० रुपयांना! २१ जूनपासून केंद्राने ती खरेदी पुन्हा आपल्याकडे घेतली. मधले सात आठवडे ऐन दुसऱ्या लाटेतले होते.

पुढची साथ येण्याआधी एक नियम कायमचा करा. केंद्राकडून किती डोस निघाले, जिल्ह्यात किती पोचले, आज इथे किती आहेत, हे रोज रांग लागण्याआधी दारावरच्या फळ्यावर लिहा. म्हाताऱ्या माणसांना तीन-साडेतीन तास उभे करून मग परत पाठवू नका.

– एक वाचक, सातारा