दूध पुरतंय का, हे बाळालाच विचारा

महोदय,
‘दूध पुरत नाही वाटतं’ हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर इतक्यांदा पडतं की तिलाही ते खरं वाटू लागतं. मलाही वाटलं होतं. पंपाने काढलेलं बाटलीच्या तळाशी जेमतेम दोन बोटं दूध पाहून मी रडले होते. पण पंपात येतं तेवढंच अंगावर येतं असं नसतं. बाळ त्याहून कितीतरी चांगलं ओढतं.

पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीकच पुरतो. महिन्याभरात गरज दिवसाला साधारण ७५० मिलिलिटरपर्यंत जाते आणि सहा महिन्यांपर्यंत जवळपास तेवढीच राहते. बाळागणिक थोडं कमी-जास्त होतंच.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मोजायचं कसं? लंगोट मोजा! पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी ओले हवेत, दोन आठवड्यांत जन्मवेळचं वजन भरून यायला हवं. तसं नसेल, बाळ मलूल असेल, तर तडक डॉक्टर गाठा. नुसतं रडतंय म्हणून वरचं दूध सुरू करू नका. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. वरचं दिलं की तेच ओढणं कमी होतं.

– एक आई