आर्मरर काका, खंडेनवमीच्या आधी हे आभार

इंदूर, नवरात्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चष्मा पुसायला घेता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. महूच्या फौजी वातावरणात तुमची उमर हत्यारं उघडण्या-जोडण्यात गेली. निवृत्तीनंतर परवानाधारक दुकानातल्या कामाच्या टेबलाशी बसून तुम्ही जे शिकवलंत त्याची कुणाकडून दमडी घेतली नाहीत. ते ज्ञान आमच्यापुरतं राहू नये असं मनापासून वाटतं.

‘काका, कोणतं पिस्तूल घेऊ?’ या प्रश्नाला तुम्ही कधीच कंपनीचं नाव सांगून उत्तर दिलं नाहीत. आधी तुमचे प्रश्न असायचे: घरात लहान मुलं किती, लोखंडी कपाट भिंतीला बोल्ट केलंय का, किल्ली कुणाकडे राहणार? हत्याराची गोष्ट त्यानंतर. ती निघाली की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘नाव मागाहून बघू, आधी स्प्रिंग दाखवा.’

हे वाक्य आपल्याकडच्या बाजाराला किती लागू आहे ते खरेदी करणाऱ्यालाच कळतं. ९ मिमी हा निषिद्ध बोर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं नळीचं माप, त्यामुळे पिस्तूल म्हणजे बहुतेक वेळा .३२ इंची. सर्वसामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात १९८०च्या दशकातच बंद झाली. त्याआधी आलेली कोल्ट, एफएन, वॉल्थर या कंपन्यांची पिस्तुलं तेवढी एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहतात आणि नावावर, चकाकीवर वाटेल त्या भावाला जातात. शंभरीला टेकलेल्या यंत्राला लोक दागिन्याचा भाव देतात आणि आतली स्प्रिंग कुणी बघतही नाही.

स्प्रिंगवर एवढा जोर का, हे तुम्ही कोल्ट १९११ शेजारी ठेवल्यासारखं समजावलंत. जुन्या घडणीचं पिस्तूल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकी रचनाकार जॉन ब्राउनिंगचं तेच पिस्तूल येतं: पाच इंची नळी, अकराशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन, सात काडतुसांचं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी. त्यात गोळी सुटताना नळी स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या सरकत्या भागात, अडकलेली असते. दोन्ही थोडं मागे सरकल्यावर खालच्या झुलत्या कडीनं नळी उतरते आणि मग स्लाइड एकटी मागे जाते. त्याच ब्राउनिंगच्या .३२च्या पिस्तुलांत असं काहीच अडकलेलं नसतं. स्लाइडचं वजन आणि एक स्प्रिंग, एवढ्यावरच काडतुसाचा दाब पेलला जातो. स्प्रिंग थकली की स्लाइड फार जोरात मागे जाऊन फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, आदळते, पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडतात आणि काही वर्षांत स्लाइडला किंवा फ्रेमला तडा जातो. फ्रेम गेली की पिस्तूल गेलं. स्प्रिंग ही त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू, तरी तीच बदलायला लोक मागेपुढे पाहतात. थकलेली स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली की आखूडपणा नजरेनंच कळतो.

जुनं पिस्तूल हातात घेतल्यावर तुमचा क्रम ठरलेला. आधी मॅगझिन बाहेर, मगच स्लाइड मागे. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, बसतं आणि माणूस ‘रिकामं केलं’ म्हणून निश्चिंत होतो. डोळ्यांनी चेंबर पाहायचं, करंगळीचं टोक लावून चाचपायचं. त्यानंतर परवान्यावरचा क्रमांक आणि हत्यारावर कोरलेला क्रमांक एकेक आकडा मोठ्यानं वाचून जुळवायचा. मग नळी उजेडाकडे धरून आतून पाहायची. बारीक खड्डे एकवेळ चालतील, पण नळीत गडद गोल कडं दिसलं तर तिथं नळी कधीतरी फुगलेली आहे. ते पिस्तूल परत.

मग सेफ्ट्यांची पारख, रिकाम्या पिस्तुलावर. ग्रिप सेफ्टी, म्हणजे मुठीच्या मागची दाबपट्टी, न दाबता चाप ओढून पाहायचा, काही सुटता कामा नये. हॅमर, म्हणजे मागचा घोडा, बाहेर दिसत असेल तर तो चढवून मागून अंगठ्यानं जोरात ढकलायचा. घसरला तर सीअरची, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या खटक्याची, धार गेली. चाप दाबून धरायचा, तसाच धरून स्लाइड मागे ओढून सोडायची. हॅमर वरच राहिला पाहिजे आणि चाप सैल केल्यावर बारीक ‘टक्’ ऐकू आली पाहिजे. ही टक् ऐकताना तुम्ही डोळे मिटता ते आम्हाला आधी नवल वाटायचं. आता आम्हीही मिटतो. शेवटी चकाकी. खूप चकचकीत जुन्या पिस्तुलाबद्दल तुम्ही जास्त संशयी असता, आणि ते बरोबरच आहे. कोरलेली अक्षरं पुसट आणि गोलसर, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या दबलेल्या, याचा अर्थ गंज घासून वर नवा निळा मुलामा चढवलाय.

कुठलं बरं, यावर तुमचं मत आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. कोल्ट १९०३ हातात सगळ्यात शांत. आठ काडतुसं, पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, नळी काढता येते म्हणून सफाई चेंबरच्या बाजूनं होते. एफएन १९१० त्याहून हलकं आणि खिशात न अडकणारं, सात काडतुसं, पण त्याची स्प्रिंग नळीभोवती असते. तोंडाकडची कडी दाबून फिरवली की ती स्प्रिंग उसळून बाहेर येते. अंगठा वर न ठेवता उघडणाऱ्याचा डोळा जायला वेळ लागत नाही. म्हणूनच तुमच्या टेबलावर शून्य नंबरचा का होईना, पण चष्मा सक्तीचा. या दोन्ही पिस्तुलांत हॅमर किंवा फायरिंग पिन, म्हणजे काडतूस पेटवणारी सुई, बाहेरून दिसत नाही, म्हणजे चढलेलं आहे की नाही हे बघून कळत नाही. वॉल्थर पीपी १९२९चं. हॅमर बाहेर, आणि .३२च्या बहुतेक नगांत चेंबरमध्ये काडतूस असलं की मागे खुणेची बारीक पिन बाहेर येते. सुटंही सोपं होतं: चापाभोवतीची कमान खाली ओढून बाजूला टेकवायची, स्लाइड पूर्ण मागे आणि वर. मात्र नळी फ्रेममध्ये पक्की असते, सळई तोंडाकडूनच घालावी लागते, तेव्हा नळीच्या कडेला ओरखडा पडू द्यायचा नाही. आणि सेफ्टी फिरवून हॅमर उतरवण्याची जी सोय, तिच्यावर झिजलेल्या पीपीत काडतूस आत असताना विश्वास ठेवायचा नाही.

ज्याला नावाचा सोस नाही त्याला तुम्ही देशी सरकारी कारखान्याच्या .३२च्या ‘अशनी’ पिस्तुलाकडे वळवता. घडण जुन्या धर्तीची, वय नवं. नव्या माणसानं सुरुवात तिथूनच करावी, या तुमच्या मताशी आम्ही पूर्ण सहमत आहोत.

काका, ज्या एका गोष्टीसाठी तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे ती काडतूस अडकण्याची. ‘पिस्तूल खराब आहे’ म्हणून किती चांगली पिस्तुलं कवडीमोलानं विकली गेली असती! .३२च्या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते. अंग ८.६ मिमी, कड ९.१, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटर. एवढ्याशा कडेनं सगळा घोळ होतो. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. ती मागे गेली की स्लाइड वरच्याला ढकलते, वरचं खालच्यात अडकतं आणि सगळं जागच्या जागी गच्च. स्लाइड कितीही ओढा, सुटत नाही. पूर्ण लांबीचं काडतूस साधारण २५ मिमी. पोकळ टोकाचं त्याहून आखूड, त्याला मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा मिळते, म्हणून हा त्रास त्यात जास्त. मॅगझिन काढायचं, ठोकायचं नाही, लाकडी काडीनं खालचं काडतूस हळूच दाबायचं आणि वरचं पुढे सरकवायचं. पितळी कड बोटाला लागते, ती जागेवर आली की बारीक ‘खट्’ असा स्पर्श होतो. भरताना खालचं काडतूस मागच्या भिंतीला टेकलंय हे बघूनच वरचं घालायचं आणि शेवटी मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा आपटायची. ही दोन आपटणी आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहेत.

तसंच ‘बत्तीस बोर’ या शब्दाचं. दुकानात नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हटलं तर रिव्हॉल्व्हरची लांब, रुंद कडेची काडतुसंही बत्तीसचीच. म्हणून पिस्तुलाची, ७.६५ मिमी, असं स्पष्ट म्हणायचं आणि डबी उघडून एक नग पाहायचा. बुडावर ‘केएफ’ म्हणजे खडकीचा कारखाना.

माळव्याचं हवामान फसवं. आठ महिने कोरडं, त्यामुळे हत्याराकडे कुणी फिरकत नाही. जूनच्या मध्यात पाऊस लागला की पंधरा दिवसांत स्लाइडवर बोटांच्या ठशांच्या आकाराचा तांबूस गंज. घामातलं मीठ तिथंच राहिलेलं असतं. चामड्याच्या म्यानात किंवा मखमली पेटीत ठेवलेलं तर हमखास गंजतं, कारण दोन्ही ओल धरून ठेवतात. म्यान फक्त बाळगण्यापुरतं. कपाटात पिस्तूल सुती कापडावर, बाजूला सिलिका जेलच्या दोन पुड्या, मणी निळ्याचे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसायचं. तेल शिलाई मशीनचं, आणि तेही थेंबांत मोजून: स्लाइडच्या दोन्ही खोबणींत एकेक, नळीच्या बाहेरून एक, बाकी कापडाला लागलेलं पुरतं. खोबरेल किंवा मोहरीचं तेल कालांतरानं चिकट होतं आणि फायरिंग पिन आळशी होते. जास्त तेल झिरपून काडतुसाच्या टोपीपर्यंत, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागापर्यंत, गेलं तर ऐन वेळी नुसती ‘टिक्’. जुन्या साठ्यातली काडतुसं झाडली असतील तर त्याच दिवशी नळी गरम पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, मगच तेल. त्या टोपीतलं क्षार तेलात विरघळत नाही. आणि डमी काडतूस घातल्याशिवाय रिकामा चाप ओढायचा नाही. जुन्या एफएनची पिन मोडली तर जोडीची मिळता मिळत नाही.

घरात ठेवायची रीत तुम्ही शिकवलीत ती सगळ्यांनी पाळावी. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, दोन्ही किल्ल्या वेगळ्या. चेंबर कायम रिकामं. परवाना आता पाच वर्षांचा असतो, त्याची तारीख कपाटाच्या आतल्या दारावर चिकटवायची. निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला की शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही, आणि जमा करण्याआधी तेल द्यायचं, कारण तिथं महिनाभर कुणी पुसणार नाही.

आता खंडेनवमी दोन दिवसांवर आली. गेल्या काही वर्षांत तुमच्यामुळे आमच्या घरच्या पूजेची मांडणी बदलली. पूर्वी ओलं कुंकू थेट स्लाइडवर लागायचं, वर अक्षता, फुलांचं पाणी. ती लाल पूड बोटांची पकड बसायच्या बारीक खाचांत जाऊन बसते आणि दसऱ्यानंतर काढायची म्हटलं तर दात घासायच्या ब्रशनंही निघत नाही, खाली गंज सुरू झालेला असतो. यंदा पिस्तुलं रिकामी, स्लाइड मागे ओढून ठेवलेली, मॅगझिन शेजारी, काडतुसं कपाटातच. हळद-कुंकू पेटीच्या झाकणाला, झेंडूचं फूल कापडावर. आरती झाली की लगेच पुसून आत. दसऱ्याला हवेत बार काढायची हौस आमच्यातल्या कुणालाही नाही. २०१९पासून त्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीवर उतरतेच.

दसऱ्याला सोनं द्यायला संध्याकाळी सगळे तुमच्याकडे येतो आहोत. पावसाळ्यानंतरची तपासणी बाकी आहे. दुकान उघडलं की परवाने घेऊन एकेक जण येऊ, स्प्रिंगा बाहेर काढून टेबलावर ठेवू. बदलायची असेल ती सांगा.

आपले,
तुमच्या टेबलाशी शिकलेले इंदूरचे परवानाधारक