रविवारच्या बॅरी ट्रिपची आठवण

मंडळी, रविवारी सकाळी १० ला व्हरमाँटमधल्या बॅरीला निघतोय, गाडीत जागा हवी असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, शनिवारी रात्री मेसेज नकोत प्लीज! आधी होप सिमेट्री (तिथली दफनभूमी), मग इटालियन दगडकामगारांनी १९०० मध्ये स्वतः बांधलेला लेबर हॉल. आम्ही इकडे नवीन होतो तेव्हा तिथल्या एका इटालियन आजींनी हॉलमधले डान्स, तळघरातलं को-ऑप दुकान, घरोघरची वाईन असं काय काय रंगवून सांगितलं, वर निघताना डबा भरून दिला, अगदी आपल्या आळीतल्या काकूच. १९१२ च्या लॉरेन्समधल्या (मॅसॅच्युसेट्स) कापड गिरण्यांच्या संपातल्या कामगारांची ३५ मुलं याच गावाने सांभाळली. ग्रॅनाइटच्या धुळीने मात्र कित्येक कारागीर तरुणपणीच गेले, सिमेट्रीतलं कोरीवकाम त्यांचंच. जॅकेट आणा.